अठ्ठावन्नाव्या ओळीची रिकामी चौकट

१

यादीत दोनशे चौदा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत पाच रकाने. लेखाचं नाव, वर्ष, नियतकालिक, इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत त्याचा किती वेळा उल्लेख केला तो आकडा, आणि शेवटी, लेखिकेनं स्वतःच पुढे त्याचा किती वेळा उल्लेख केला तो आकडा. जिथे तिनं एकदाही केला नव्हता तिथे शून्य लिहिलेलं होतं. शून्यंही नीट, एकाखाली एक. फक्त अठ्ठावन्नाव्या ओळीतली शेवटची चौकट रिकामी होती.

अठ्ठावन्नावा लेख एकोणीस वर्षांपूर्वीचा. इतरांचे उल्लेख तीन हजार एकशे बारा. बाकी दोनशे तेरा लेखांपैकी एकही त्याच्या पासंगाला पुरत नव्हता.

"यादी नंतर बघा हो," संचालक म्हणाले. "आधी हे वाचा."

त्यांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. टंकलेला, निनावी, चार ओळींचा.

‘डॉक्टरबाईंचा गाजलेला लेख चूक आहे. प्रथिनाच्या खाचेत औषधाचा रेणू नाही. तिथे स्फटिक गोठवताना वापरलेलं ग्लिसरॉल आहे. तसं मांडल्यास परीक्षेच्या ठिपक्यांवरची त्रुटी २४.८७ वरून २४.६१ वर येते. पुरावा: प्रयोगवही सदतीस, पान चौसष्ट, डावी बाजू.’

मी प्रथिनांच्या रचनांची तपासनीस आहे. प्रथिनाचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, उमटलेल्या हजारो ठिपक्यांवरून आतल्या अणूंची जागा काढायची, हे शास्त्रज्ञांचं काम. त्यांनी काढलेल्या जागा साठवणाऱ्या पेढीत बसून त्या पटतात का ते पाहायचं, हे माझं. म्हणूनच संचालकांनी मला चौकशीला बोलावलं होतं. शंभरातले पाच ठिपके सुरुवातीलाच नशिबावर सोडून निवडतात आणि बाजूला ठेवतात. रचना बसवताना ते वापरायचे नाहीत. शेवटी त्यांच्यावरच ती ताडून पाहायची. विद्यार्थ्याला न दाखवलेला पेपर असतो ना, तसे हे परीक्षेचे ठिपके.

"पत्र सोमवारी आलं," संचालक म्हणाले. "मी त्याच दुपारी डॉक्टरबाईंना आणि त्यांच्या उपप्रमुखांना बोलावून वाचून दाखवलं. लेखावर दोघांचीच नावं आहेत. संस्थेत तिसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही. शुक्रवारी अकराला समिती बसणार. माझ्या जागी डॉक्टरबाईंना नेमायचं, एवढा एकच विषय आहे. हे पत्र समितीकडेही गेलंय. आता वही दाखवल्याशिवाय समिती हलणार नाही."

"मग दाखवू या."

ते उठले. ग्रंथालयाच्या गल्लीत काचेच्या दाराचं कपाट होतं. कुलूप शाबूत. त्यांनी उघडलं. एकाच उंचीच्या, पाठीवर क्रमांक चिकटवलेल्या वह्या. पस्तीस. छत्तीस. अडतीस.

तो बुधवार होता. सकाळचे साडेनऊ.

२

"डॉक्टरबाईंची सख्खी बहीण आहे मी, धाकटी," ग्रंथपाल म्हणाली. "आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी तुमच्या कानात सांगायला नको. राहतोही एकत्रच. ती चहा करते, मी बाकी सगळं करते."

पन्नाशीची, चटपटीत बाई. बोलताना हात थांबत नव्हते. परत आलेली पुस्तकं ती एकीकडे क्रमानं लावत होती.

"कपाटाची किल्ली?"

"एकच. माझ्या खणात. खणाची किल्ली पर्समध्ये, पर्स खांद्याला, आणि खांदा मला." ती हसली. "नोंदवही बघा. सही केल्याशिवाय मी संचालकांनाही देत नाही. आज सकाळी त्यांनीसुद्धा केलीय."

त्याआधीची शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची. उपप्रमुखांची, एक्कावन्न नंबरच्या वहीसाठी. परत केल्याची सहीही होती.

"या वह्यांची दुसरी प्रत नाही?"

"आहे की. संगणकावर आहे. पण उजव्या पानांचीच. डावं पान काकांचं, म्हणजे स्फटिक करणाऱ्या तंत्रज्ञांचं. किती थेंब घातले, किती अंशाला ठेवलं, असलं काहीबाही. उजवं पान शास्त्रज्ञाचं. प्रती काढायच्या वेळी ठरलं की डावी पानं कोण वाचतंय?"

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच. म्हणजे कुणीच नाही."

मी खोली पाहून घेतली. खिडकीखाली लांब मेज. त्यावर पावत्यांचा डबा, डिंकाची बाटली, आणि बांधणीला पाठवायच्या अंकांचा गठ्ठा. प्रत्येकाला तपकिरी कागदाचं वेष्टण, चार-चारचे तीन थर, वर एक आडवा, आणि सगळ्याला करकचून सुतळी. सुतळीत खोचलेली चिठ्ठी: ‘मंगळवार. बांधणीसाठी. नग बारा.’ अक्षर यादीतल्यासारखंच गोल आणि सरळ.

"डॉक्टरबाईंच्या लेखांची यादी तुम्हीच केलीत?"

"बावीस वर्षं करतेय. तिचे लेख तिच्यापेक्षा मला जास्त पाठ आहेत."

"एक चौकट रिकामी राहिलीय."

"राहिली असेल हो. अठ्ठावन्नाव्या लेखाला एवढे उल्लेख आहेत, मोजता मोजता डोळे फुटतात."

ती पुन्हा पुस्तकांकडे वळली. मी यादी अजून पिशवीतून काढलीच नव्हती.

३

उपप्रमुखांना सगळी संस्था ‘मीटर’ म्हणत होती. ते कळायला मला चहाचा एक कप पुरला. चहाच्या खोलीत शिरतानाच त्यांनी घोषणा केली, "आज तीन हजार एकशे तेरा! काल रात्रीत एक वाढला." कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "सर, भाडं किती झालं?" ते स्वतःही हसले.

माझ्यापुढे बसल्यावर मात्र हसू गेलं.

"मॅडम, मी पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा. ती खाच, त्यात बसलेला औषधाचा रेणू… अर्धाच दिसत होता, बाकीचा हलत असणार असं आम्ही धरलं. सगळेच तसं धरतात. पुढच्या महिन्यापासून त्याच खाचेवर माझा पाच वर्षांचा प्रकल्प सुरू होतोय. सात माणसं घेतलीत मी. सात! आणि आता हे."

"पत्रातला आकडा तुम्ही करून पाहिलात?"

"कसा करणार? त्या वेळी निवडलेल्या परीक्षेच्या ठिपक्यांची यादी हवी. तेव्हा ती पेढीत द्यायची पद्धत नव्हती. माझ्याकडे कधीच नव्हती ती, बसवणी मॅडमनीच केली होती."

"पत्राबद्दल कुणाला बोललात?"

"बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलं की तिच्या आईला कळतं, आणि तिच्या आईला कळलं की दवंडी पिटायची गरज उरत नाही."

"चौसष्टाव्या पानावर काय असेल?"

"डाव्या? मला काय माहीत. मी डावी पानं कशाला वाचू?" ते पुढे झुकले. "पण डावी पानं कोण लिहायचं ते माहितेय ना तुम्हाला? काका. एवढा मोठा लेख, आणि त्यांचं नाव लेखकांत नाही, शेवटी आभारांत आहे. माणसाच्या मनात राहतं असं. पत्र त्यांनीच लिहिलं, आणि वहीही त्यांनीच उचलली. संचालकांना मी मघाशीच सांगून आलो. त्यांनी काकांचा फाटकाचा पास थांबवला."

"चौकशी व्हायच्या आधीच?"

"चौकशीसाठी तुम्ही आहातच की," मीटर म्हणाले.

४

काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी आठवड्यातून तीनदा येत. स्फटिकांची खोली तळघरात, कायम अठरा अंशांवर. ते स्वेटर घालून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. हातात मांजराची एक मिशी, चिमट्यात धरलेली.

"जुन्या स्फटिकाला मिशी घासायची आणि नव्या थेंबातून ओढायची," ते मान वर न करता म्हणाले. "बारीक कण उतरतात, त्यावर नवा धरतो. यंत्रं पुष्कळ आली, पण मिशीसारखं काही नाही. आमच्या घरच्या मांजरीच्या, गळलेल्याच हं, उपटलेल्या नाहीत. बायको म्हणते, मांजर म्हातारी झाली पण तुमची नोकरी संपेना."

त्यांना पत्राचं काहीच माहीत नव्हतं. पास थांबवल्याचंही नाही. ते सकाळी आठलाच आत आले होते. मी सदतीस नंबरच्या वहीबद्दल विचारलं.

"ती? बाईंच्या मोठ्या लेखाची. का हो?"

"चौसष्टाव्या पानावर डावीकडे काय लिहिलं होतं, आठवतं?"

त्यांनी मान वर केली. "एकोणीस वर्षांनी? नाही बुवा. पण मी लिहिलंय ना? मग ते झालेलं आहे. न झालेलं मी लिहीत नाही."

"काही चुकीचं झालं तर बाईंना सांगायचात?"

"लिहायचो. सांगणं हे माझं काम नाही. म्हणजे, सांगायचोही समोर असलो तर. त्या दिवसांत नव्हतो. स्फटिक गोठवून दिले आणि दुसऱ्या दिवशी महिन्याच्या रजेवर गेलो. थोरलीचं पहिलं बाळंतपण होतं. आलो तेव्हा बाईंचा लेख लिहूनही झाला होता. पेढे कुणी कुणाला द्यायचे तेच कळेना." ते हसले.

"लेखात तुमचं नाव नाही."

"आहे की, शेवटी. माझ्या थोरलीनं चौकटीत लावलंय ते पान."

मी उठले. दारात फाटकावरचा पहारेकरी उभा होता. त्याच्या हातात एक कागद होता आणि तो काकांकडे पाहत नव्हता.

"काका," तो म्हणाला, "रागावू नका. उद्यापासून तुम्हाला आत सोडायचं नाही असं वरून आलंय."

५

डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी कपाटं रिकामी, सगळ्या वह्या, फायली, खोकी जमिनीवर. मधोमध, पदर खोचून, साठीच्या डॉक्टरबाई मांडी घालून बसल्या होत्या.

"या. त्या खोक्यावर बसा, त्यात माझा प्रबंध आहे. निदान बसायला तरी उपयोगी पडेल."

"काय शोधताय?"

"सदतीस. कधी चुकून माझ्याकडे राहिली असेल तर. नाहीये." त्या माझ्याकडे रोखून पाहू लागल्या. आवाज ठणठणीत. "तुम्ही माझ्या बावन्न रचनांवर सही केलीय. सात वेळा परत पाठवल्यात. सातही वेळा तुमचंच बरोबर होतं. विचारा काय विचारायचं ते."

मी यादी काढली. "हा अठ्ठावन्नावा लेख. तुम्ही अकरा वर्षं, संबंध येईल त्या प्रत्येक पुढच्या लेखात त्याचा उल्लेख केलात. मी मघाशी मोजले, एक्केचाळीस. मग आठ वर्षांपूर्वी थांबलात. त्यानंतर तुमचे सत्तर लेख आले, त्यांतल्या वीसएक लेखांत तो यायलाच हवा होता. एकातही नाही."

"तीन हजार लोक करतात. मी कशाला गर्दी करू?"

"मीटर सर करतात. या महिन्यातसुद्धा."

"तो भला माणूस आहे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "त्याला सात माणसं घेऊ नकोस म्हणाले होते मी. कारण विचारलं त्यानं. देता आलं नाही."

"पत्राबद्दल तुम्ही कुणाला बोललात?"

"नाही. म्हणजे घरी. सोमवारी जेवण जाईना, तेव्हा बहिणीनं खोदून खोदून विचारलं. ती तोंडातून शब्द काढून घेते, दंतवैद्य व्हायची ती."

"वहीचा आणि पानाचा क्रमांकही सांगितलात?"

"सगळं सांगितलं." त्यांनी हातातली फाईल खाली ठेवली. "आता मला एक सांगा. काकांना फाटकातून परत पाठवलं असं ऐकलं. खरं आहे?"

"उद्यापासून."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "मग मला ती वही उद्याच्या आत हवी," त्या म्हणाल्या.

६

दुपारी मी एका रिकाम्या खोलीत संगणक लावून बसले.

पहिला प्रश्न सोपा होता. जो माणूस समितीला लिहितो की अमुक वहीचं अमुक पान बघा, तो तीच वही पळवत नाही. म्हणजे पत्र लिहिणारा एक आणि वही उचलणारा दुसरा, आणि दोघांना एकमेकांच्या नेमकं उलट हवं होतं. मीटरांनी दोन्ही कामं काकांच्या माथी मारली होती, तिथेच त्यांचं चुकलं.

वही कोणी उचलली? कुलूप शाबूत, किल्ली एक, नोंद नाही. पत्र सोमवारी दुपारी तिघांना कळलं. काकांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. मीटरांना पान कळलं, पण किल्ली नव्हती. संचालकांची सही आजची. डॉक्टरबाई स्वतःच खोली उलथीपालथी करत होत्या. माणूस आपण लपवलेली गोष्ट सहा कपाटं उपसून शोधत नाही, आणि तेही दार उघडं टाकून, कुणी येणार हे माहीत नसताना. ज्या व्यक्तीला नोंदवहीत सही करावी लागत नाही आणि जिला जेवणाच्या टेबलावर पानाचा क्रमांकही मिळाला, अशी एकच होती.

पत्र कोणी लिहिलं? मी पेढीतून जुने ठिपके काढले, पाच टक्के बाजूला ठेवले, खाचेतून औषध काढून ग्लिसरॉल बसवलं. त्रुटी उतरली, म्हणजे पत्र खरं होतं. पण आकडा २५.२३ वरून २४.९८ वर आला. पुन्हा वेगळे पाच टक्के घेतले: २४.३५. मी बारा वेळा केलं. आधीचा २४.८७ आणि नंतरचा २४.६१ अशी जोडी एकदाही जुळली नाही. जुळणारही नव्हती. मूळच्या परीक्षेचे ठिपके कोणते, ते माहीत असल्याशिवाय तो आकडा निघत नाही. ती यादी मीटरांकडे नव्हती. असती तर ज्या खाचेत काही नाही तिच्यावर त्यांनी सात माणसं बसवली नसती. काका संगणकाला हात लावत नाहीत. बसवणी डॉक्टरबाईंनी केली होती, आणि आठ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याच लेखाचं नाव घेणं सोडलं होतं.

उरला वहीचा ठावठिकाणा. घरी नेली असती तर बहिणीच्या हाताला लागली असती. कपाटाजवळ ठेवली असती तर माझ्या.

मला मोजायची सवय आहे. तरी सकाळी पाहिलेल्या एका गोष्टीची बेरीज मी तोवर केलेली नव्हती. ती केली आणि उठले. चार वाजले होते. बांधणीवाला किती वाजता येतो, ते मला माहीत नव्हतं.

७

बांधणीवाला दारातच होता. त्याच्या हातात गठ्ठा, आणि ग्रंथपाल त्याच्या पावतीवर सही करत होती.

"किती नग?" मी विचारलं.

"बारा," तो म्हणाला. "चिठ्ठीवर आहे."

"चार त्रिक बारा. आणि वरचा आडवा?"

त्यानं गठ्ठ्याकडे पाहिलं, मग ग्रंथपालकडे. तिनं सही अर्धीच ठेवून पेन बंद केलं.

"ठेव तो मेजावर," ती त्याला म्हणाली. "उद्या ये."

तो गेल्यावर तिनं सुतळी कापली, वरचा नग घेतला आणि वेष्टण सोडवून माझ्या हातात दिला. पाठीवर सदतीस. मी चौसष्टावं पान उघडलं.

डावीकडे काकांचं बारीक अक्षर: ‘औषधाची कुपी संपली. दहा नंबरचा स्फटिक औषधाविना, नुसता ग्लिसरॉलमध्ये बुडवून गोठवला. बाईंना सांगणे.’

उजवीकडे डॉक्टरबाईंचं मोठं, झोकदार अक्षर: ‘दहा नंबर सर्वोत्तम! हाच घ्यायचा.’

दोन्ही पानं समोरासमोर, एकाच दिवसाची. एकोणीस वर्षं.

"यासाठी नाही लपवली मी," ग्रंथपाल म्हणाली. "चूक कुणाचीही होते. खाली बघा."

काकांच्या ओळीखाली पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. ‘आज वाचलं,’ आणि डॉक्टरबाईंची सही, तारखेसकट. आठ वर्षांपूर्वीची.

"चूक झाली असती तर लोक चार दिवस बोलले असते. पण हिला आठ वर्षं माहीत होतं, हे या पेन्सिलीनं कळतं. मला मंगळवारी सकाळी कळलं. मी उघडून बघितलं तेव्हा. त्याआधी यादी करताना नुसता संशय होता. एक्केचाळीस लिहिलं तर कुणीतरी मोजून विचारेल, गेली आठ वर्षं एकही का नाही. शून्य लिहिलं तर खोटं. म्हणून सोडून दिलं." तिनं चष्मा काढून पुसला. "बांधून आली असती कुठल्यातरी अंकांच्या पोटात, आणि मग शंभर वर्षं कुणी उघडली नसती. कोणी मेल्यानं ते पत्र लिहिलं ते मला कळू दे एकदा."

"जिनं लिहिलं तिच्यासाठी तुम्ही रोज स्वयंपाक करता," मी म्हणाले.

तिनं चष्मा पुन्हा चढवला आणि पेन्सिलीतली सही पुन्हा एकदा वाचली.

८

गुरुवारी सकाळी मी वही डॉक्टरबाईंच्या समोर ठेवली. धाकटी बहीण दारात उभी होती.

"तू?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तू?" बहीण म्हणाली. "स्वतःविरुद्ध पत्र लिहायचं, आणि वर माझ्यासमोर जेवण जात नाही म्हणून बसायचं? वेडी आहेस का ताई? मला सांगता येत नव्हतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लपवलं असतंस."

"लपवलंच!"

डॉक्टरबाईंना हसू आलं.

"दर वर्षी एक पत्र लिहायचे," त्या मला म्हणाल्या. "नियतकालिकाला. आठ मसुदे आहेत. कधी कुणाचा प्रबंध अडकलेला, कधी कुणाची बढती. यंदा संचालकपद आलं. म्हटलं, आता मी होऊन बोलणार नाही, मला कुणीतरी पकडलं पाहिजे. भ्याडपणाच तो."

"एक हिशेब सांगू?" मी म्हणाले. "तुमचा निर्देशांक बासष्ट आहे. बासष्ट लेख असे, की प्रत्येकाला निदान बासष्ट उल्लेख आहेत. अठ्ठावन्नावा काढला तर तो एकसष्ट होतो. फार तर एकानं उतरतो, तो लेख कितीही मोठा असला तरी. बाकीच्या दोनशे तेरा लेखांतल्या बावन्न रचना मी स्वतः तपासल्यात. त्या उभ्या आहेत."

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "मी आठ वर्षं एका आकड्याला घाबरले?"

"आकड्याला नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी काकांना फोन लावा. उद्या त्यांनी समोर असायला हवं. फाटकावर मी स्वतः उभी राहते."

शुक्रवारी अकराला समितीचे पाच जण, संचालक, डॉक्टरबाई, मीटर, ग्रंथपाल, काका आणि मी, सगळे एका लांब टेबलाभोवती होतो. काकांनी स्वेटर घातला होता, सवयीनं. मी काय आढळलं ते सांगितलं: खाच, ठिपके, पान. पत्र कोणी लिहिलं आणि वही कुठे होती, हे त्या दोघींनी आपापल्या तोंडानं सांगितलं.

मीटर पांढरेफटक पडले होते. "मॅडम," ते म्हणाले, "दुरुस्ती छापू या. एक परिच्छेद. स्फटिकांची चुकून अदलाबदल झाली असं. तंत्रज्ञाकडून. यात खोटं काही नाही. माझी सात माणसं आहेत, मॅडम."

संचालकांनी मान हलवली. "मलाही तेच सुचतंय. दुरुस्ती आली की समितीला नेमणूक पुढे नेता येईल. पेन्सिलीच्या खुणेबद्दल कुणाला सांगायची गरज नाही."

समितीतल्या कुणीच नाही म्हटलं नाही. काका टेबलाकडे पाहत होते.

"अदलाबदल झाली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांनी काय केलं ते त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. मी वाचलं नाही. अकरा वर्षांनी वाचलं, आणि कुणाला सांगितलं नाही. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञाकडून झालेली नाही." त्या मीटरांकडे वळल्या. "तुझ्या सात माणसांना सोमवारी माझ्याकडे पाठव. माझ्याकडे तीन प्रथिनं अशी आहेत, की ज्यांच्या खाचेत खरंच काहीतरी आहे. त्यांना काम आजच्यापेक्षा जास्त मिळेल."

"आणि नेमणूक?" संचालकांनी विचारलं. "नीट विचार करा. आज इथे जे बोलाल ते इतिवृत्तात जाईल."

"तिथेच जायला हवंय," त्या म्हणाल्या. त्यांनी वही उचलली नाही, चष्मा लावला नाही, आवाजही चढवला नाही. "नेमणूक करायची की नाही ते तुम्ही हे ऐकल्यावर ठरवा. लिहून घ्या. मी तो लेख मागे घेतेय."